घटक ५ : लोकानुनयवाद – राजकीय सहभाग आणि प्रतिनिधित्व

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला :

● लोकानुनयवाद या संकल्पनेचा नेमका अर्थ सांगता येईल.
● राजकीय सहभाग आणि राजकीय प्रतिनिधित्व यांतील संबंध स्पष्ट करता येईल.
● व्हेनेझुएलाच्या उदाहरणाच्या आधारे लोकानुनयवादाचे या दोहोंवर होणारे परिणाम विशद करता येतील.
● एखाद्या राजकीय चळवळीचे किंवा नेतृत्वाचे मूल्यमापन कोणत्या कसोट्यांवर करावे, हे ठरविता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी-मित्रहो, मागील घटकात तुम्ही राजकीय पक्ष आणि हितसंबंधी गट यांचा अभ्यास केला. नागरिक आणि शासनसंस्था यांच्यामध्ये उभ्या असलेल्या या मध्यस्थ संस्था आहेत, हे आपण तेथे पाहिले. लोकांच्या मागण्या एकत्र करणे, त्यांना धोरणाचे रूप देणे आणि सत्ताधाऱ्यांना जाब विचारणे ही कामे त्या करतात. मात्र या संस्था आपले काम नीट करीनाशा झाल्या, तर काय होते? लोक त्यांच्यापासून दुरावतात. अशा वेळी एखादा नेता पुढे येऊन म्हणतो, “या सगळ्या मध्यस्थांना बाजूला सारा, तुमच्या-माझ्यात कोणी नको.” लोकानुनयवादी राजकारणाचा आरंभ बहुधा असा होतो.

अशा राजकारणात पूर्वी कधी मतदान न केलेले लक्षावधी लोक मतदानाला येतात, सभांना गर्दी होते आणि राजकारण हा चुलीपाशी बोलण्याचा विषय बनतो. यावरून लोकशाही बळकट झाली, असा निष्कर्ष काढता येईल का? या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देता येत नाही. ते का देता येत नाही, हे समजून घेणे हा या घटकाचा हेतू आहे.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ लोकानुनयवाद म्हणजे काय?

मराठी वृत्तपत्रांत ‘लोकानुनय’ हा शब्द बहुधा सवंग घोषणांसाठी वापरला जातो. निवडणूक जवळ आली, की वीजबिल माफ करणे, वस्तूंचे फुकट वाटप करणे, तिजोरीचा विचार न करता सवलती जाहीर करणे, असा त्याचा रूढ अर्थ आहे. राज्यशास्त्रातील ‘पॉप्युलिझम’ या संज्ञेचा अर्थ मात्र याहून वेगळा आहे. मराठीत तिच्यासाठी लोकानुनयवाद व लोकानुरंजनवाद असे दोन्ही प्रतिशब्द आढळतात. प्रस्तुत घटकात आपण पहिला शब्द वापरू. परंतु त्याचा रूढ अर्थ बाजूला ठेवून तो वाचावा. सवलती न वाटणारा नेताही लोकानुनयवादी असू शकतो आणि सवलती वाटणारा प्रत्येक नेता लोकानुनयवादी असतोच असे नाही.

डच अभ्यासक कास मुड यांनी २००४ साली केलेली मांडणी आज सर्वाधिक वापरली जाते. त्यांच्या मते, समाज दोन एकजिनसी आणि परस्परविरोधी गटांत विभागलेला आहे असे लोकानुनयवाद मानतो. एका बाजूला निर्मळ, कष्टाळू ‘सामान्य लोक’ आणि दुसऱ्या बाजूला भ्रष्ट ‘अभिजन’. राजकारण हे या लोकांच्या सामूहिक इच्छेचा आविष्कार असले पाहिजे, असा त्याचा आग्रह असतो. ही विचारसरणी स्वतंत्रपणे फारसे काही सांगत नाही. म्हणून ती समाजवादाशी जोडली जाऊ शकते, तशीच राष्ट्रवादाशीही. लोकानुनयवाद डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही अंगांनी का आढळतो, याचे उत्तर यात आहे.

जर्मन विचारवंत यान-वेर्नर म्युलर यांनी यात एक महत्त्वाची भर घातली. अभिजनांवर टीका तर सर्वच विरोधी पक्ष करतात. लोकानुनयवादी नेत्याचे वेगळेपण त्याच्या दाव्यात असते. ‘मी आणि केवळ मीच खऱ्या लोकांचा प्रतिनिधी आहे’ असा तो दावा असतो. हा दावा मान्य केला, की विरोधात मत देणारा नागरिक ‘खऱ्या लोकां’तून आपोआप वगळला जातो. याउलट, अर्जेंटिनाचे विचारवंत एर्नेस्तो लाक्लाऊ यांच्या मते, विखुरलेल्या आणि अपूर्ण राहिलेल्या मागण्यांना एका ‘लोक’ या नावाखाली गुंफणे हे राजकारणाचे मूलभूत कार्यच आहे. वंचितांना राजकीय अस्तित्व मिळते ते या गुंफणीतून. या दोन्ही भूमिका ध्यानात ठेवून आपल्याला पुढे जायचे आहे.

‘पॉप्युलिस्ट’ हे नाव मुळात निंदाव्यंजक नव्हते. अमेरिकेत १८९२ साली कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या पुढाकाराने ‘पीपल्स पार्टी’ हा पक्ष राष्ट्रीय पातळीवर उभा राहिला आणि त्याचे अनुयायी स्वतःला अभिमानाने पॉप्युलिस्ट म्हणवून घेत. त्यांच्या उमेदवाराला त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत दहा लाखांहून अधिक मते मिळाली. पक्ष पुढे विरून गेला. मात्र चढत्या दराचा प्राप्तिकर आणि सिनेटर्सची थेट निवडणूक या त्याच्या मागण्यांना १९१३ च्या घटनादुरुस्त्यांनी वाट करून दिली. प्रस्थापित पक्षांनी दुर्लक्षिलेले प्रश्न ऐरणीवर आणण्याचे काम लोकानुनयवाद करू शकतो, याचा हा दाखला आहे.

५.२.२ सहभाग आणि प्रतिनिधित्व

राजकीय सहभाग म्हणजे शासनाच्या निर्णयांवर प्रभाव टाकण्यासाठी नागरिकांनी केलेली कृती. मतदान, सभा-मोर्चे, संघटना बांधणे, निवेदनावर सही करणे, सार्वमतात कौल देणे हे त्याचे प्रकार होत. सहभाग मोजताना आपण सहसा किती लोकांनी भाग घेतला एवढेच पाहतो. परंतु त्या सहभागाने निर्णय बदलू शकत होता का, आणि विरोधी बाजूने सहभागी होणे सुरक्षित होते का, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत.

प्रतिनिधित्वाची चिकित्सा हॅना पिटकिन यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात केली. त्यांच्या मांडणीतून आपल्या उपयोगाचे चार प्रकार पुढीलप्रमाणे सांगता येतील :

(अ) औपचारिक प्रतिनिधित्व – प्रतिनिधीला अधिकार कसा मिळतो आणि त्याला जबाबदार कसे धरता येते.
(आ) वर्णनात्मक प्रतिनिधित्व – प्रतिनिधी आपल्यासारखा आहे का. त्याची जात, वर्ग, लिंग, भाषा आपली आहे का.
(इ) प्रतीकात्मक प्रतिनिधित्व – प्रतिनिधीविषयी लोकांच्या मनात ‘हा आपला’ अशी भावना आहे का.
(ई) आशयात्मक प्रतिनिधित्व – प्रतिनिधी प्रत्यक्षात लोकांच्या हिताचे काम करतो का आणि त्यांच्या म्हणण्याला प्रतिसाद देतो का.

हे चार प्रकार एकाच वेळी वाढतात असे नाही. एक वाढत असताना दुसरा घटू शकतो. लोकानुनयवादाचे परिणाम समजून घेण्याची किल्ली येथे आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

योग्य पर्याय निवडा.
१. ‘केवळ मीच खऱ्या लोकांचा प्रतिनिधी’ हा दावा लोकानुनयवादाचे लक्षण आहे, असे कोण मानतात? (अ) लाक्लाऊ (आ) म्युलर (इ) पिटकिन
२. प्रतिनिधीला जबाबदार धरण्याची व्यवस्था कोणत्या प्रकारच्या प्रतिनिधित्वात येते? (अ) प्रतीकात्मक (आ) वर्णनात्मक (इ) औपचारिक

५.२.३ व्हेनेझुएला : पार्श्वभूमी

दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला या तेलसंपन्न देशात १९५८ साली हुकूमशाही संपुष्टात आली. त्याच वर्षी प्रमुख पक्षांनी ‘पुन्तो फिहो’ करार केला. निवडणुकीचा निकाल मान्य करावा आणि सत्तेत परस्परांना वाटा द्यावा, असे त्यात ठरले. शेजारच्या अनेक देशांत लष्करी राजवटी येत असताना व्हेनेझुएलात निवडणुका नियमित होत राहिल्या, हे या कराराचे यश होते. मात्र कालांतराने दोन मोठ्या पक्षांनी सत्ता, नोकऱ्या आणि तेलाचा पैसा आपसांत वाटून घेण्याची पद्धत रूढ केली. काराकास शहराभोवतीच्या डोंगरउतारांवर वाढत गेलेल्या गरीब वस्त्यांना या वाटणीत स्थान नव्हते.

१९८० च्या दशकात तेलाचे भाव घसरले आणि ही व्यवस्था डळमळली. फेब्रुवारी १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्लोस आंद्रेस पेरेझ यांच्या सरकारने इंधनाचे दर वाढविले. त्याबरोबर बसभाडेही वाढले आणि लोक रस्त्यावर उतरले. लष्कर बोलावण्यात आले. शेकडो माणसे मरण पावली. काटकसरीचा हा कार्यक्रम निवडणूक प्रचारात लोकांसमोर मांडला गेला नव्हता. मत एका गोष्टीसाठी दिले आणि पदरी दुसरीच पडली, ही भावना बळावली. १९८८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत मतदान ८० टक्क्यांच्या वर होते. १९९३ मध्ये ते सुमारे ६० टक्क्यांवर आले.

फेब्रुवारी १९९२ मध्ये लेफ्टनंट कर्नल ह्यूगो चावेझ यांनी केलेला लष्करी उठाव फसला. तुरुंगवास भोगून ते बाहेर आले आणि डिसेंबर १९९८ च्या निवडणुकीत सुमारे ५६ टक्के मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाले. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. चावेझ यांच्या उदयाने प्रतिनिधित्वाचा पेच निर्माण झाला असे नाही. तो पेच त्यांच्या आधीपासून होता आणि त्यांचा उदय त्यातून झाला. लोकानुनयवादाला दोष देणारे अनेक टीकाकार नेमकी ही पायरी गाळतात.

५.२.४ सहभागावरील परिणाम

चावेझ यांच्या कारकिर्दीत सहभागाची दारे अनेक अंगांनी उघडली, हे मान्य केले पाहिजे. १९९९ मध्ये संविधान सभा बोलवावी का, यावर सार्वमत झाले. तिने तयार केलेल्या संविधानावर त्याच वर्षी पुन्हा सार्वमत झाले आणि सुमारे ७२ टक्के मतदारांनी त्याला कौल दिला. निवडून आलेल्या कोणत्याही पदाधिकाऱ्याला निम्मा कार्यकाळ संपल्यावर परत बोलावण्याचा, म्हणजे प्रत्यावाहनाचा, अधिकार नागरिकांना मिळाला. त्यासाठी २० टक्के मतदारांच्या सह्या आवश्यक होत्या.

ओळखपत्र नसलेल्या गरिबांना ते देण्याची आणि मतदार म्हणून नोंदण्याची मोहीम २००३ नंतर राबविण्यात आली. १९९८ साली मतदारयादीत सुमारे १ कोटी १० लाख नावे होती. २०१२ साली ती संख्या सुमारे १ कोटी ९० लाख झाली. त्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे ८० टक्के मतदान झाले. ज्यांच्याकडे शासनाने कधी वळून पाहिले नव्हते, त्यांच्या हाती प्रथमच मतपत्र आले, याचे मोल कमी लेखता येणार नाही.

२००६ च्या कायद्याने सामुदायिक परिषदा स्थापन झाल्या. शहरात २०० ते ४०० कुटुंबांची एक परिषद, तिच्यात १५ वर्षांवरील रहिवाशांची सभा आणि वस्तीतील पाणी, रस्ते, घरे यांबाबत निर्णय घेण्याचा अधिकार, असे तिचे स्वरूप होते. आपल्या ग्रामसभेशी तिचे साम्य सहज जाणवेल. या परिषदांत स्त्रियांचा सहभाग लक्षणीय होता. परंतु परिषदांना मिळणारा निधी नगरपालिकांना वगळून केंद्रीय सत्तेकडून, राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतील यंत्रणेमार्फत येत असे. आपल्या गल्लीतील कामासाठी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडे पाहावे लागणे, ही या सहभागाची मर्यादा होती. निधी देणाऱ्याला विरोध करून निधी मागणे कोणालाही अवघड जाते.

या मर्यादेचे तीव्र रूप २००४ मध्ये दिसले. विरोधकांनी चावेझ यांच्या प्रत्यावाहनासाठी २४ लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या. संविधानाने दिलेला अधिकार नागरिक वापरीत होते. ऑगस्टमधील सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतदारांनी चावेझ यांना पदावर राहू द्यावे असा कौल दिला. म्हणजे प्रक्रिया पार पडली आणि निकालही स्पष्ट लागला. तथापि, सह्या करणाऱ्यांची नावे सत्ताधारी पक्षाच्या एका लोकप्रतिनिधीने संकेतस्थळावर प्रसिद्ध केली. ‘तास्कोन यादी’ या नावाने ती ओळखली जाते. यादीत नाव असल्यामुळे सरकारी नोकरी गेल्याच्या वा नाकारल्याच्या तक्रारी पुढे आल्या. अशा एका प्रकरणात कामावरून कमी केलेल्या तीन महिला कर्मचाऱ्यांच्या बाजूने आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २०१८ साली निर्णय दिला. त्यांच्या राजकीय हक्कांचा भंग झाला, असे त्या न्यायालयाने म्हटले.

सही करणे हा सहभागच होता. संख्येच्या हिशेबात तो सभेला जाण्याइतकाच मोजला जाईल. मात्र सभेला जाणाऱ्याला त्यासाठी काही गमवावे लागले नाही आणि सही करणाऱ्याला पगार गमवावा लागला. लोकानुनयवादी राजवटीत होकाराचा सहभाग स्वस्त होत जातो आणि नकाराचा सहभाग महाग होत जातो. मतदानाच्या टक्केवारीत हा फरक दिसत नाही.

५.२.५ प्रतिनिधित्वावरील परिणाम

प्रतीकात्मक आणि वर्णनात्मक प्रतिनिधित्वात या काळात मोठी वाढ झाली. चावेझ ग्रामीण भागातील साध्या कुटुंबातून आले होते. त्यांच्या वर्णात, बोलण्यात, विनोदात गरीब जनतेला आपले प्रतिबिंब दिसे. ‘आलो प्रेसिदेन्ते’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते दर रविवारी तासन्‌तास लोकांशी बोलत. १९९९ च्या संविधानाने आदिवासी समूहांसाठी राष्ट्रीय विधिमंडळात तीन जागा राखून ठेवल्या. शेजारच्या प्रदेशातील बोलिव्हियाचे उदाहरणही असेच आहे. तेथे २००५ साली इव्हो मोरालेस यांच्या रूपाने प्रथमच मूलनिवासी समाजातील व्यक्ती राष्ट्राध्यक्षपदी निवडून आली.

औपचारिक प्रतिनिधित्वाची, म्हणजे जबाबदार धरण्याच्या व्यवस्थेची, गती मात्र उलट दिशेने झाली. पुढील चार बाबी पाहा.

१) *मते आणि जागा यांतील तफावत.* १९९९ च्या संविधान सभेच्या निवडणुकीत चावेझ-समर्थकांना सुमारे दोन-तृतीयांश मते मिळाली; परंतु १३१ पैकी १२० हून अधिक जागा त्यांच्या वाट्याला गेल्या. देशाची मूलभूत चौकट ठरविणाऱ्या सभेत मोठ्या अल्पमताला जवळजवळ आवाज उरला नाही. २०१० मध्ये सत्ताधारी पक्षाला सुमारे ४८ टक्के आणि विरोधी आघाडीला सुमारे ४७ टक्के मते मिळाली. तरीही १६५ जागांच्या विधिमंडळात सत्ताधाऱ्यांना ३० हून अधिक जागांचे आधिक्य होते.

२) *विरोधकांचा बहिष्कार.* २००५ च्या विधिमंडळ निवडणुकीवर प्रमुख विरोधी पक्षांनी बहिष्कार टाकला. मतदान सुमारे २५ टक्क्यांवर घसरले आणि सर्व जागा सत्ताधारी बाजूस गेल्या. प्रतिनिधित्वाच्या ऱ्हासाला केवळ सत्ताधारी जबाबदार असतात असे नाही. मैदान सोडणारा विरोधी पक्षही आपल्या मतदारांना प्रतिनिधीविना ठेवतो.

३) *निवडून आलेल्या विरोधकांचे अधिकार काढून घेणे.* नोव्हेंबर २००८ मध्ये काराकास महानगराच्या महापौरपदी विरोधी उमेदवार निवडून आला. पुढच्याच वर्षी कायदा करून राजधानीसाठी राष्ट्राध्यक्ष-नियुक्त प्रमुखाचे नवे पद निर्माण करण्यात आले आणि महापौरांचे बरेचसे अधिकार व निधी त्याकडे वळविण्यात आले. मतदारांनी प्रतिनिधी निवडला; परंतु त्याच्या हाती काही उरले नाही.

४) *कार्यकाळाची मर्यादा हटविणे.* डिसेंबर २००७ च्या सार्वमतात मतदारांनी घटनाबदलाचा व्यापक प्रस्ताव अल्प फरकाने फेटाळला आणि चावेझ यांनी तो पराभव मान्य केला. मात्र फेब्रुवारी २००९ मध्ये पुन्हा सार्वमत घेऊन फेरनिवडणुकीवरील मर्यादा काढण्यात आली.

हे सारे एका खंडापुरते किंवा एका विचारसरणीपुरते मर्यादित नाही. उजव्या बाजूचे उदाहरण हंगेरीचे आहे. तेथे व्हिक्टर ऑर्बान यांच्या पक्षाच्या आघाडीने २०१० साली सुमारे ५३ टक्के मतांवर संसदेत दोन-तृतीयांश बहुमत मिळविले. त्या बळावर तिने नवे संविधान केले आणि संसदेची सदस्यसंख्या ३८६ वरून १९९ वर आणून निवडणूक पद्धती बदलली. २०१४ मध्ये सुमारे ४५ टक्के मतांवरही या आघाडीचे दोन-तृतीयांश बहुमत टिकले. चावेझ आणि ऑर्बान यांच्या आर्थिक व सामाजिक भूमिका परस्परांपासून फार दूर आहेत. मिळालेल्या बहुमताचा उपयोग पुढच्या स्पर्धेचे नियम बदलण्यासाठी करणे, हे त्यांच्यातील साम्य आहे.

५.२.६ परतीचा मार्ग बंद होतो तेव्हा

मार्च २०१३ मध्ये चावेझ यांचे निधन झाले. निकोलस मादुरो अत्यल्प फरकाने निवडून आले. तेलाचे भाव कोसळल्यावर अन्न व औषधांची टंचाई निर्माण झाली. डिसेंबर २०१५ मध्ये विरोधकांनी १६७ पैकी ११२ जागा जिंकल्या. २०१६ मध्ये त्यांनी मादुरो यांच्या प्रत्यावाहनाची प्रक्रिया सुरू केली. चावेझ यांच्याच संविधानाने दिलेला हा अधिकार होता. निवडणूक यंत्रणेने काही राज्यांतील न्यायालयांच्या आदेशांचा आधार घेऊन ऑक्टोबरमध्ये ती स्थगित केली. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायाधिकरणाने विधिमंडळाचे अधिकार स्वतःकडे घेण्याचा निर्णय दिला. टीका झाल्यावर तो काही अंशी मागे घेण्यात आला; परंतु त्याच वर्षी विधिमंडळाच्या डोक्यावर नवी संविधान सभा बसविण्यात आली. २०१८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अधिकृत आकडेवारीनुसारही मतदान ५० टक्क्यांच्या खाली राहिले. पुढील काही वर्षांत ७० लाखांहून अधिक लोकांनी देश सोडल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी केली आहे. ज्यांना मताने बदल घडविता येईना, त्यांतील अनेकांनी पायांनी कौल दिला, असे म्हणता येईल.

१९९८ मध्ये ज्या दाराने वंचितांनी प्रवेश केला, ते दार पंधरा-वीस वर्षांनी त्यांच्याच मागे बंद झालेले दिसते. गरीब वस्त्यांतील मतदारांनीही २०१५ मध्ये मोठ्या संख्येने सत्ताधाऱ्यांविरुद्ध कौल दिला होता. ‘लोक’ या नावाने उभी राहिलेली राजवट त्या लोकांचा नकार ऐकण्यास तयार नव्हती.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २

एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘प्रत्यावाहन’ म्हणजे काय?
२. २००५ च्या विधिमंडळ निवडणुकीत मतदान कमी होण्याचे प्रमुख कारण कोणते?
३. काराकासच्या महापौरांच्या उदाहरणातून प्रतिनिधित्वाविषयी काय दिसून येते?

५.२.७ भारतीय अनुभव

संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ रोजी केलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या धोक्याकडे लक्ष वेधले होते. धर्मात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असू शकेल, परंतु राजकारणात व्यक्तिपूजा अधःपतनाकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनी दिला. थोर पुरुषाविषयी कृतज्ञता असावी, मात्र त्याच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नये, हा त्या विवेचनाचा आशय होता. ज्या समाजाने भक्तिपरंपरा जपली, त्या समाजाला उद्देशून हे शब्द उच्चारले गेले, हे महत्त्वाचे आहे.

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधी यांनी ‘गरिबी हटाओ’ ही घोषणा दिली. पक्षातील जुन्या नेत्यांना आणि राज्या-राज्यांतील मध्यस्थांना ओलांडून त्यांनी थेट मतदारांना आवाहन केले आणि ३५२ जागा मिळविल्या. अनेक अभ्यासक या राजकारणास भारतीय लोकानुनयवादाचे ठळक उदाहरण मानतात. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेचा कार्यकाळ पाच वर्षांवरून सहा वर्षे केला. मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली, मतदारांनी सत्ताधारी पक्षाला नाकारले आणि तो निकाल मान्य करून सत्तांतर झाले. पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कार्यकाळ पुन्हा पाच वर्षांचा करण्यात आला. व्हेनेझुएला आणि भारत यांच्या अनुभवांतील हा निर्णायक फरक आहे. येथे परतीचा मार्ग काही काळ अडला. परंतु तो कायमचा बंद झाला नाही.

५.२.८ मूल्यमापनाच्या कसोट्या

आतापर्यंतच्या विवेचनातून आपल्याला चार कसोट्या काढता येतात. कोणताही पक्ष, कोणताही नेता, कोणतीही पातळी असो, त्या लावून पाहाव्यात.

● प्रवेश – पूर्वी वगळलेले कोणते समूह या राजकारणामुळे आत आले?
● नकाराची किंमत – विरोधी मत दिल्यास वा सही केल्यास नागरिकाचे काही नुकसान होते का?
● मध्यस्थ संस्था – विधिमंडळ, न्यायालय, स्थानिक स्वराज्य संस्था, वृत्तपत्रे आणि संघटना स्वतंत्रपणे काम करू शकतात का?
● परतीचा मार्ग – ज्या साधनांनी सत्ता मिळाली, त्याच साधनांनी ती काढून घेता येते का?

पहिल्या कसोटीवर लोकानुनयवाद अनेकदा उत्तम गुण मिळवितो आणि म्हणून त्याला सरसकट लोकशाहीविरोधी ठरविणे अन्यायाचे होईल. उरलेल्या तीन कसोट्यांवर मात्र तो सत्तेत आल्यावर घसरू लागतो. याचे कारण त्याच्या मूळ दाव्यात आहे. लोक एकच आहेत आणि त्यांचा आवाज एकच आहे असे एकदा मानले, की विरोधी आवाजाला जागा कोठे देणार?

५.३ सारांश

लोकानुनयवाद समाजाची विभागणी ‘खरे लोक’ आणि ‘भ्रष्ट अभिजन’ अशी करतो. प्रस्थापित पक्ष प्रतिनिधित्वाचे काम करीनासे होतात, तेव्हा तो उदयास येतो. व्हेनेझुएलात त्याने मतदारयादी विस्तारली, सार्वमत व सामुदायिक परिषदा आणल्या आणि गरिबांना ‘हा आपला’ म्हणता येईल असा नेता दिला. त्याबरोबर त्याने विरोधी सहभागाची किंमत वाढविली, विरोधी प्रतिनिधींचे अधिकार क्षीण केले आणि अखेर सत्ता परत घेण्याचा मार्गही बंद केला. म्हणून सहभागाचे मोजमाप करताना किती लोक ‘हो’ म्हणाले याबरोबरच किती लोक निर्भयपणे ‘नाही’ म्हणू शकले, हेही पाहावे. प्रतिनिधित्वाचे मोजमाप करताना आपुलकीच्या भावनेबरोबर जबाबदार धरण्याची सोय तपासावी.

५.४ पारिभाषिक शब्द

अभिजन – समाजात सत्ता, संपत्ती वा प्रतिष्ठा असलेला अल्पसंख्य वर्ग.
सार्वमत – एखाद्या प्रश्नावर सर्व मतदारांचा थेट कौल घेणे.
प्रत्यावाहन – निवडून दिलेल्या प्रतिनिधीला मुदतीपूर्वी परत बोलावणे.
मध्यस्थ संस्था – नागरिक व शासन यांना जोडणारे पक्ष, संघटना, वृत्तपत्रे इत्यादी.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. (आ) म्युलर २. (इ) औपचारिक
प्रश्न २ : १. निवडून दिलेल्या पदाधिकाऱ्याला मुदत संपण्यापूर्वी मतदारांनी पदावरून परत बोलावणे म्हणजे प्रत्यावाहन होय. २. प्रमुख विरोधी पक्षांनी निवडणुकीवर टाकलेला बहिष्कार. ३. प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार असूनही त्या प्रतिनिधीचे अधिकार काढून घेतल्यास प्रतिनिधित्व पोकळ ठरते.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

१. लोकानुनयवादाची संकल्पना स्पष्ट करून म्युलर व लाक्लाऊ यांच्या भूमिकांतील फरक सांगा.
२. ‘लोकानुनयवाद हा प्रतिनिधित्वाच्या पेचाचा परिणाम आहे, कारण नव्हे.’ व्हेनेझुएलाच्या आधारे या विधानाची चर्चा करा.
३. टीपा लिहा : (अ) सामुदायिक परिषदा (आ) प्रतीकात्मक प्रतिनिधित्व (इ) १९७७ ची निवडणूक.

५.७ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावाच्या ग्रामसभेला किंवा प्रभागातील एखाद्या जाहीर बैठकीला उपस्थित राहा. किती लोक आले, त्यांत स्त्रिया किती होत्या आणि प्रत्यक्ष बोलले किती जण, याची नोंद करा. मांडलेल्या ठरावाला कोणी विरोध केला का, त्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले का आणि ते इतिवृत्तात नोंदले गेले का, हेही पाहा. या निरीक्षणांना ५.२.८ मधील चार कसोट्या लावून दोन पानांचा अहवाल लिहा आणि संपर्क-सत्रात आपल्या सहाध्यायांसमोर मांडा.